वल्हे हाती घेण्यापूर्वी

दिवाळीचा फराळ संपून शाळा पुन्हा भरतात न भरतात तोच नाताळच्या सुट्टीचे बेत घरोघर शिजू लागतात. या महिन्याच्या टपालात अशा बेतांविषयी जी पत्रे आली, त्यांपैकी एका भगिनीचे पत्र आम्ही मुद्दाम बाजूस काढून ठेवले होते. त्या लिहितात की, घरातील तरुण मंडळींनी भंडारदऱ्यास जाऊन ‘कयाक’ नावाच्या होडीतून फिरण्याचा घाट घातला आहे. होडी एकट्यादुकट्याने वल्हवावयाची असते. घरात पोहता येणारे कोणी नाही. सासूबाईंचा सक्त विरोध आहे आणि मुलांचा तितकाच हट्ट आहे. तरी अशा वेळी मधल्या सुनेने कोणता पक्ष घ्यावा? सासूसुनांच्या तंट्यात पडण्याची आम्हांस हौस नाही. परंतु गेल्याच हिवाळ्यात आमचे सारे बिऱ्हाड याच सरोवरावर याच कारणासाठी जाऊन आले असल्यामुळे, या प्रश्नावर मौन धरणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

प्रथम ही होडी कशी असते ते सांगू. आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोक सील माशाची शिकार करण्यासाठी (प्राणिशास्त्रज्ञ त्यास मासा म्हणणार नाहीत, हे आम्ही जाणून आहो) हाडांच्या किंवा वाहून आलेल्या लाकडांच्या सांगाड्यावर कातडे ताणून एका माणसापुरती निमुळती नाव बांधीत. ज्याची नाव त्याच्या अंगाच्या मापाने ती बेतलेली असे. म्हणजे एखादा अंगरखा शिवावा तद्वत् तिची बांधणी होती. याच लोकांची दुसरी एक मोठी, उघडी नाव असे व तीतून बायकामुले आणि सामानसुमान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जाई. एकोणिसाव्या शतकात युरोपियनांनी शिकाऱ्याची ही नाव खेळासाठी उचलली. १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत पुरुषांच्या व १९४८ साली लंडन येथे स्त्रियांच्या कयाकशर्यती सुरू झाल्या. आपल्याकडील ग्वाल्हेरच्या प्राची यादव या, पायांचे बळ नसताही, २०२१ साली टोकियोच्या पॅरालिंपिक सामन्यांत याच प्रकारच्या जलक्रीडेत अंतिम शर्यतीपर्यंत पोहोचल्या.

साध्या होडीत व हिच्यात मुख्य भेद असा की, वल्ह्याच्या होडीत माणूस जावयाच्या दिशेकडे पाठ करून बसतो, तर कयाकेत तो तोंड करून बसतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाचा, १९२८ पासून चालत आलेला, मुळा नदीवरील जलक्रीडेचा सोहळा ज्यांनी पाहिला असेल, त्यांनी दोन्ही प्रकारच्या नावा पाहिल्याच असतील. कयाकेचे वल्हेही दोन्ही टोकांना पाते असलेले असते व ते होडीस कोठेही जखडलेले नसते. नवशिक्यांस जी देतात ती कातड्याची नसून जाड प्लास्टिकची, वरून उघडी व रुंद बुडाची असते. तिच्या तळातून आरपार भोके असतात. ती पाहून आमच्या घरातील एका चिरंजीवांनी ‘ही तर फुटकी आहे!’ म्हणून आरोळी ठोकली. वास्तविक वर उडालेले पाणी त्या भोकांवाटे आपोआप खाली निघून जावे अशी ती योजना आहे. होडीचे अंगच पोकळ व बंदिस्त असल्याने ती पालथी झाली तरी बुडत नाही.

आता आपल्या समाजाचा व पाण्याचा संबंध पाहू. स्नानसंध्येच्या निमित्ताने आपले पूर्वज नदीकाठी जन्म घालवीत; परंतु पाण्यावर जाणे हे मात्र आपण इतरांकडे सोपविले. समुद्रयात्रेस कलिवर्ज्यात गोवून ठेवले होते व १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्याविषयी किती काहूर उठले, हे येथे पुन्हा सांगावयास नको. तथापि निर्बंध होता तो समुद्रापुरता. पोहणे शिकू नये असे कोणत्याही ग्रंथात आमच्या पाहण्यात नाही. उलट आमच्या आजोबांच्या पिढीतील मुलांस, मुंज होते न होते तोच, पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून विहिरीत ढकलून देत. आज ज्यास ‘लाइफ जॅकेट’ म्हणतात ते त्या भोपळ्याचेच सुधारलेले भावंड होय. पुढे घरोघर नळ आले, वाड्यांतील विहिरींवर जाळ्या बसल्या, काही बुजल्या, आणि ही विद्या दोन पिढ्यांत कधी नाहीशी झाली ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. मुलींच्या वाट्यास तर ती पूर्वीही क्वचितच आली.

आमच्या घरी तिच्या लोपास निराळे कारण घडले. आमच्या काकूंचा थोरला मुलगा, पस्तीस वर्षांपूर्वी, वयाच्या सोळाव्या वर्षी, सोबत्यांबरोबर नदीवर गेला तो परत आला नाही. सोबत्यांपैकी एकालाच पोहता येत होते; त्याने शिकस्त केली. त्या दिवसापासून घरात नदी, तलाव, पोहणे हे शब्द उच्चारले जात नसत. सहलीस जावयाचे तर गडावर किंवा देवदर्शनास, असा अलिखित नियम झाला. काकूंनी कधी कोणास दटावले नाही. पाण्याचे नाव निघाले की त्या हातातील काम ठेवून आत जात, एवढेच. आणि तेवढ्याने विषय मिटे. म्हणून त्यांच्या नातीने, ती आता एकोणीस वर्षांची आहे, गेल्या मार्गशीर्षात जेवणाच्या पंगतीत भंडारदऱ्याचा विषय सरळ काढला, तेव्हा सर्वांचे हात पानावरच थबकले. काकू या वेळी उठून गेल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘जायचं असेल तर मला घेऊन जा. मी नसताना नको.’

भंडारदरा नगर शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरांवर, अकोले तालुक्यात आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले असले तरी आमच्या पिढीच्या तोंडून अद्याप ‘नगर’च निघते.) संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने शेंडी गावी पोहोचले की प्रवरेवरील ते दगडी धरण समोर येते. १९१० साली काम सुरू होऊन १९२६ साली ते पुरे झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणास मिळाले व मागच्या जलाशयास आर्थर सरोवर म्हणू लागले. भिंत सुमारे २७० फूट उंच असून आत अकरा अब्ज घनफूट पाणी मावते. एका बाजूस १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, सरोवराच्या दुसऱ्या टोकास रतनगड व त्याच्या पायथ्याशी रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर. प्रवरा उगम पावते ती त्याच रतनगडाच्या कुशीत. तिलाच पुढे अमृतवाहिनी म्हणतात आणि तिच्याच तीरी नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, हे स्मरले म्हणजे या पाण्याकडे केवळ सहलीचे स्थळ म्हणून पाहवत नाही.

शिवाय हे पाणी रिकामपणी पडून राहिलेले नाही. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघणारे प्रवरेचे दोन्ही कालवे या साठ्यावर अवलंबून आहेत. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडील ऊस या पाण्यावर पोसला गेला आणि त्या उसाच्या जोरावरच प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यामुळे शेतीसाठी आवर्तन सुटले की सरोवराची पातळी उतरू लागते. दिवाळीत जेथे झाडांच्या मुळांशी पाणी होते, तेथे होळीपर्यंत उघडा पडलेला उतार व त्यावर घोट्याएवढा चिखल दिसतो. नवख्याने हे ध्यानी ठेवावे, कारण धोका आहे तो येथेच. धरणाचा काठ नदीच्या वाळवंटासारखा हळूहळू खोल होत नाही. बुडालेली जुनी शेते, बांध, ओढ्यांची पात्रे पाण्याखाली तशीच असतात आणि गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकताच माणूस एकदम खाली जातो. होडीपेक्षा काठावर ‘नुसते पाय भिजविण्यास’ उतरलेलेच अधिक दगावतात, असे तिकडील लोक सांगतात व त्यात आम्हांस नवल वाटत नाही.

सरोवराच्या काठी तंबूंची सोय करणाऱ्यांपैकी काहींनी अलीकडे कयाका ठेवल्या आहेत. आम्ही ज्याच्याकडे गेलो तो तेथलाच महादेव कोळी समाजातील तिशीचा तरुण होता. (कोळी हे नाव ऐकून मासेमारीची कल्पना कोणी करू नये, हा समाज डोंगरदऱ्यांत शेती करणारा आहे.) सकाळी आठच्या सुमारास पाणी आरशासारखे स्तब्ध होते. उन्हे वर आली की घाटाकडून वारा सुटतो व दुपारनंतर नवख्याच्या हाताने होडी आवरत नाही. सबब जे काही करावयाचे ते सकाळी. या तरुणाने आम्हांस अर्धा तास पाण्याजवळही जाऊ दिले नाही. वल्हे डोक्यावर आडवे धरून कोपरांशी काटकोन झाला की हात कोठे धरावयाचे ते कळते. पाते पायाच्या बोटांशी पाण्यात घालावे, कमरेशी बाहेर काढावे. जोर दंडाचा लावू नये, कंबर वळवावी. जात्यावर दळण्याची सवय असलेल्या पिढीस हे सांगावे लागले नसते. काकू काठावर सतरंजीवर बसून ऐकत होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, ‘खुंटा ओढतात तसं.’ तो म्हणाला, ‘बरोबर, आजी.’

त्यानंतर त्याने जॅकिटे वाटली. प्रत्येकाच्या वजनाप्रमाणे ती निवडली, पट्टे आवळले आणि मग खांद्यांवर धरून एकेकास वर उचलल्यासारखे केले. जॅकिट कानांपर्यंत सरकले तर ते सैल समजावे. लहान मुलांचे जॅकिट पाण्यात वर निघून जाऊ नये म्हणून त्यास दोन्ही पायांमधून घेण्याचा पट्टा असतो. आमच्या धाकट्या बंधूंनी, उकाडा होतो म्हणून, बंद उघडे ठेवण्याची मुभा मागितली. ‘बंद नाही तर होडी नाही,’ असे तो शांतपणे म्हणाला व दुसऱ्याकडे वळला. असा मनुष्य भेटला म्हणजे पैसे वसूल झाले असे आम्ही समजतो.

मग तो म्हणाला, ‘आधी पाडतो, मग नेतो.’

या एका वाक्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहो. काठापासून दहापंधरा हातांवर, स्वतः छातीभर पाण्यात उभे राहून, त्याने प्रत्येकाची होडी मुद्दाम उलटविली. पडताना काय करावयाचे ते आधी सांगितले होते: वल्हे सोडू नये, होडी सोडू नये, जॅकिट आपणास वर आणतेच, तेवढा क्षण श्वास धरावा, मग होडी सुलटी करावी, तिच्यावर आडवे पडून पायांनी पाणी हाणावे, पोट होडीवर आले की वळून बसावे. बसल्यावर उभे मात्र कधी राहू नये. सांगितलेले बहुतेक सर्व पहिल्या गटांगळीबरोबर डोक्यातून निघून जाते. पाणी गार असले की तोंड आपोआप उघडते व श्वास आत ओढला जातो. त्यावर मनाचा ताबा चालत नाही. पण तिसऱ्या वेळी तोच देह शहाणा झालेला असतो.

नातीची पाळी आली तेव्हा काकू उठून पाण्याच्या कडेशी येऊन उभ्या राहिल्या. होडी उलटली, पिवळे जॅकिट क्षणभर दिसेनासे झाले व लगेच वर आले. मुलगी ठसकत, हसत होडीस लोंबकळली. काकूंच्या चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य आमच्यापैकी कोणास झाले नाही. त्या तरुणास त्या म्हणाल्या, ‘पुन्हा पाड.’ त्याने पुन्हा पाडले. ‘आणखी एकदा.’ तिसऱ्या वेळी मुलगी कोणाच्या मदतीवाचून होडीवर चढून बसली, आणि काकू सतरंजीवर परत जाऊन पिशवीतील तिळाच्या वड्या काढू लागल्या.

पुढील तासाभराचा प्रवास काय तो काठाकाठाने मैलभर जाऊन येण्याचा. प्रथम वाऱ्यासमोर जावे, म्हणजे दमलेल्या हातांनी परतताना वारा पाठीशी असतो, हा त्याचा क्रम. पुढे तो, शेवटी त्याचा जोडीदार व मध्ये आम्ही बदकांच्या पिलांसारखे. होडीत माणूस पाण्याच्या इतका लगत बसतो की सरोवर एकाएकी मोठे व डोंगर उंच वाटू लागतात. वल्हे थांबविले तर पात्यावरून ठिबकणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येतो. दोघांच्या होडीत हलक्या माणसाने पुढे बसून ताल धरावयाचा व जाणत्याने मागे बसून दिशा राखावयाची असते. आमचे बंधू व वहिनी एका होडीत होती. बंधूंनी मागे बसून वहिनींना आज्ञा देण्याचा सपाटा लावला, आणि होडी तीन वेळा स्वतःभोवती फिरून काठावरच्या चिखलात रुतली. पाश्चात्य लोक दोघांच्या कयाकेस थट्टेने ‘घटस्फोटाची होडी’ म्हणतात, ते उगीच नव्हे! परतीच्या वाटेवर वहिनी मागे बसल्या व होडी सरळ आली, एवढेच नमूद करून हा विषय आम्ही सोडून देतो.

असो. पत्रलेखिका भगिनींच्या सासूबाईंची भीती आम्ही पोरकट समजत नाही. मे २०२४ मध्ये एकाच आठवड्यात दोन भयंकर घटना घडल्या. उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवाशांची होडी उलटून सहा जण गेले. आणि याच प्रवरेवर, अकोले तालुक्यातील सुगाव येथे, बुडालेल्या तरुणाचा शोध घेण्यास आलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटून दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. ज्यांचा व्यवसायच पाण्याशी झुंजण्याचा, त्यांची ही गत. मग हौशी मंडळींनी पाण्याची थट्टा करू नये हे उघडच आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गेटवेहून घारापुरीस निघालेल्या ‘नीलकमल’ या होडीस नौदलाची वेगवान नौका धडकून जे प्राण गेले, त्यानंतर तेथील होड्यांत प्रवाशांस जॅकिटे घालावयास लावू लागले. प्राण गेल्यावर जॅकिट चढविण्याची ही रीत आपल्या लोकांच्या अंगी मुरली आहे.

परंतु सासूबाईंनी एवढे पाहावे की, मनाईने पाण्याची भीती वाढते. पाण्याचे ज्ञान वाढत नाही. घरातून बंदी असलेली मुलेच महाविद्यालयाच्या सहलीत, कोणास न सांगता, जॅकिटावाचून, संध्याकाळच्या वेळी पाण्यात उतरतात. बुडणारा मनुष्य चित्रपटातल्याप्रमाणे हाका मारीत नाही. त्यास हाक मारण्याइतका श्वासच उरत नाही, आणि काठावरच्या सोबत्यांस तो खेळतो आहे असेच वाटते. हे ज्ञान आमच्या घरी पस्तीस वर्षांपूर्वी कोणास नव्हते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या दुष्काळी भागात वाढलेले दत्तू भोकनळ सैन्यात भरती झाल्यावर प्रथम वल्हे धरतात आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिक सामन्यांत नौकानयनात देशातर्फे उतरतात; तेव्हा ‘आपल्याकडे पाण्याची सवय नाही’ ही सबब फारशी टिकणारी नव्हे.

तेव्हा मधल्या सूनबाईंनी आम्ही सुचवितो ती मध्यस्थी करावी. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून असे उपक्रम चालविणारांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावयाची असते; ज्याच्याकडे जावयाचे त्यास ती आहे काय हे आधी विचारावे. विचारण्यात संकोच कसला? आपण वधूवरांच्या सात पिढ्यांची चौकशी करतो. सोबत येणारा माणूस स्वतः पाण्यात उतरतो की काठावरून शिटी फुंकतो, लहान मापाची जॅकिटे आहेत काय, पडण्याचा सराव करून घेतो काय, हे त्यास विचारावे व शेवटच्या प्रश्नास तो हसला तर दुसरा पाहावा. पावसाळ्यात तिकडे या कामासाठी जाऊ नये. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. ज्यांस फेफऱ्याचा किंवा हृदयाचा विकार आहे त्यांनी वैद्यांस विचारल्यावाचून बसू नये.

वस्त्रांविषयी पुष्कळ भगिनी विचारतील म्हणून लिहितो. ओढणी, पदर, सैल दुपट्टा होडीत नको. सुती कापड भिजून जड होते, त्यापेक्षा लवकर वाळणारा सदरा व विजार बरी. मंगळसूत्र आत घ्यावे, बांगड्या उतरवाव्या, चष्म्यास दोरी लावावी. किल्ल्यांचा जुडगा व मोबाइल काठावरच्या विश्वासू माणसाजवळ ठेवावे. आमच्या बंधूंचा मोबाइल तेवढा आर्थर सरोवरात कायमचा राहिला आहे व अधूनमधून त्याविषयी घरात हळहळ व्यक्त होते. सोबत कोरडे कपडे, गूळपोळी किंवा दशम्या व गरम चहा असावा. पाण्यातून आल्यावर भूक अशी लागते की उपवासाचे दिवस टाळूनच बेत करावा.

काकू स्वतः होडीत बसल्या नाहीत. निघण्यापूर्वी मात्र त्यांनी एक जॅकिट मागून घेतले, नऊवारीचा काचा खोचला, आणि नातीचा हात धरून गुडघाभर पाण्यात काही वेळ उभ्या राहिल्या. काय बोलणे झाले ते आम्ही विचारले नाही. नगरास परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरातील पाचही नातवंडांची नावे पोहण्याच्या तलावात घालण्यास फर्मावले. तलावाची वेळ सकाळी सहाची असल्याने पाचांचे दूध व डबे पहाटे कोणी करावेत हा प्रश्न उपस्थित झाला. सुनांनी वार वाटून घेतले आहेत. रविवार बंधूंकडे आहे.